हातातले यंत्र आणि दोन मीटरचे अंतर

दाताच्या दुखण्यातले डोळ्यांना दिसते ते फार थोडे. कीड नसेपर्यंत पोचली आहे की अलीकडेच थांबली आहे, अक्कलदाढ हाडात आडवी अडकली आहे का, रूट कॅनॉल करताना सुई मुळाच्या टोकापर्यंत गेली का, हे एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. आणि अंदाजाने केलेल्या उपचाराची किंमत शेवटी रुग्णच मोजतो. त्यामुळे निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी दाताच्या दवाखान्यात एक्स-रे यंत्र असणे ही चैन नाही. ते नसेल तर औराद शहाजानी किंवा कासार सिरसीहून आलेल्या माणसाला एका फोटोसाठी लातूर गाठावे लागते. दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते, आणि पुष्कळदा तो लातूरला जातच नाही. दाढ उपटून मोकळा होतो. हातात धरून चालवायच्या, बॅटरीवरच्या यंत्राने ही अडचण बरीच हलकी केली. व्हिडिओ कॅमेऱ्याएवढे, दीड ते अडीच किलो वजनाचे हे यंत्र भाड्याच्या लहान गाळ्यात मावते, वीज गेली तरी चालते, भिंतीला खिळे ठोकावे लागत नाहीत आणि शाळेतल्या शिबिराला पिशवीत घालून नेता येते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या घरीही ते जाऊ शकते. जिथे मोठे यंत्र नेणेच शक्य नाही, तिथे त्याचे मोल सर्वांत जास्त. 2005 साली अमेरिकेत कॅटरिना वादळानंतर मृतांची ओळख दातांवरून पटवताना अशीच यंत्रे वापरली गेली. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्या लातूर जिल्ह्याने पाहिली, त्याला अशा साधनाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पण या सोयीत एक गोष्ट गेली, आणि ती गेल्याचे फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. भिंतीवरच्या किंवा खुर्चीला जोडलेल्या यंत्राला लांब तार असते. बटण त्या तारेच्या टोकाला. डॉक्टर असो की असिस्टंट, बटण दाबणारा माणूस रुग्णापासून दोन मीटर मागे किंवा दाराबाहेर उभा राहायचा. त्याला किरणांचे शास्त्र कळत असो वा नसो, अंतर त्याचे रक्षण करत होते. हातातल्या यंत्रात बटण यंत्रावरच आले, आणि बटणाबरोबर माणूसही रुग्णाच्या तोंडाशी आला. माझे म्हणणे एवढेच आहे की या यंत्राचा खरा प्रश्न किरणांच्या प्रमाणाचा नसून या नाहीशा झालेल्या अंतराचा आहे. जे काम अंतर विनासायास करत होते, ते आता यंत्रातल्या शिशाला, यंत्र धरण्याच्या पद्धतीला आणि असिस्टंटच्या सावधपणाला करावे लागते. यांतला सावधपणा ही सर्वांत कच्ची कडी आहे. म्हणून सुरक्षा तिच्यावर टांगून चालणार नाही. ती यंत्र विकत घेतानाच आणि खोली मांडतानाच उभी करावी लागते.

अंतराचे हे महत्त्व नेमके किती? क्ष-किरण उगमापासून पसरत जातात, आणि अंतर दुप्पट झाले की त्यांची तीव्रता निम्मी न होता चौथाई होते. दोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला जेवढे येते, त्याच्या सोळापट अर्ध्या मीटरवर उभ्या असलेल्याला मिळते. तीस सेंटिमीटरवरच्या हाताला चव्वेचाळीस पटींच्या आसपास. काम करणाऱ्याकडे हे किरण दोन वाटांनी येतात. पहिली वाट विखुरण्याची. नळीतून निघालेला झोत गालावर, हाडावर, दातावर आदळतो आणि त्याचा काही भाग चहूबाजूंना फेकला जातो; रुग्णाचा चेहराच काही क्षण किरणांचा उगम होतो. दुसरी वाट गळतीची. नळीभोवतीचे शिसे पुरेसे नसेल तर किरण समोरच्या तोंडातूनच नव्हे, मागून आणि बाजूंनीही बाहेर पडतात. दोन मीटरवरून या दोन्हींचा फारसा विचार करावा लागत नव्हता. यंत्र छातीशी धरले की दोन्ही मोजाव्या लागतात. त्यात वेळेची भर पडते. भिंतीवरच्या यंत्रात नळीतला प्रवाह सात-आठ मिलिअँपिअर असतो. बॅटरीवरच्या पुष्कळ यंत्रांत तो दोनच्या आसपास. तेवढेच किरण मिळवायचे तर बटण तिप्पट-चौपट वेळ दाबलेले राहायला हवे. एवढ्या वेळात दोन किलोचे यंत्र धरलेला हात हलला की चित्र धूसर येते, आणि धूसर चित्र म्हणजे पुन्हा एक्स-रे. आरव्हीजीच्या, म्हणजे दाताच्या डिजिटल एक्स-रेच्या, जमान्यात फिल्म वाया जात नाही, त्यामुळे ‘परत एक घे’ म्हणताना जीभ अडखळत नाही. दर चित्रामागे किरण कमी लागतात हा डिजिटलचा फायदा खरा. पण एका चित्राच्या जागी तीन काढली तर तो फायदा तिथेच संपतो.

अंतर विसरण्याची किंमत काय असते हे दंतवैद्यांच्या इतिहासाइतके लख्खपणे फार थोड्या शास्त्रांच्या इतिहासात लिहिलेले आहे. राँटगेनने 8 नोव्हेंबर 1895 रोजी हे किरण पाहिले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स आपल्या दवाखान्यात दातांचे एक्स-रे काढू लागले. त्या काळच्या नळ्या लहरी असत. किरण नीट येतात की नाही हे पाहायला केल्स दरवेळी आपलाच हात नळीसमोर धरत आणि पडद्यावर हाडे किती स्पष्ट दिसतात यावरून नळी जुळवत. वर्षानुवर्षे हे चालले. आधी कातडी बिघडली, मग कर्करोग झाला, एकामागून एक शस्त्रक्रियांत बोटे गेली, हात गेला, आणि 1928 साली वेदनांना कंटाळून त्यांनी आत्महत्या केली. मात्र त्याच देशात, बोस्टनला, विल्यम रोलिन्स नावाचे दुसरे एक दंतवैद्य होते. त्यांनी 1901 च्या सुमारास गिनिपिगांवर प्रयोग करून दाखवले की हे न दिसणारे किरण जीव घेऊ शकतात. नळी शिशाच्या आवरणात ठेवा, पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर शिशाची काच असू द्या, जेवढा भाग पाहायचा तेवढ्यावरच झोत पडू द्या, असे ते सांगत राहिले. आजच्या नियमांचा गाभा तोच आहे. त्यांचे म्हणणे समकालीनांनी मनावर घेतले नाही, आणि त्याची भरपाई कितीतरी जणांनी हातांनी केली. केल्स अडाणी नव्हते, निष्काळजीही नव्हते. त्या काळातले ते अत्यंत कुशल दंतवैद्य होते. त्यांच्या कामाची पद्धतच हात किरणांत आणणारी होती. म्हणून ‘आमचे डॉक्टर अनुभवी आहेत’ हे उत्तर या बाबतीत अपुरे पडते.

आता यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. हातातली सगळी यंत्रे धोक्याची आहेत असे म्हणणे पुराव्याला धरून नाही. चांगल्या यंत्रात नळीभोवती पुरेसे आवरण असते, आणि कोनाच्या (झोत जिथून बाहेर पडतो त्या नळकांड्याच्या) पुढच्या टोकाला शिसेयुक्त ॲक्रिलिकची पारदर्शक चकती असते. रुग्णाच्या चेहऱ्यावरून मागे फेकले जाणारे किरण ती अडवते. चकतीमागे जी सावली तयार होते, त्या सावलीत यंत्र धरणारा उभा असतो. अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा यंत्रावर काम करणाऱ्यांच्या किरणमात्रा मोजणाऱ्या बॅजवरील नोंदी भिंतीवरच्या यंत्रावर काम करणाऱ्यांच्या नोंदींपेक्षा जास्त आढळल्या नाहीत. ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पण मान्य करताना तिच्या अटीही वाचल्या पाहिजेत. यंत्रात शिसे खरोखर होते, चकती जागेवर होती आणि वापरणाऱ्यांना कसे उभे राहायचे ते शिकवलेले होते. चकती मागे सरकवली किंवा मध्ये येते म्हणून काढूनच ठेवली, तर सावली नाहीशी होते. वरच्या दाढांसाठी यंत्र खाली झुकवले, तर सावलीही कलते आणि धरणाऱ्याच्या शरीराचा खालचा भाग तिच्याबाहेर राहतो. यावर उपाय आहे: यंत्र आडवेच ठेवून रुग्णाचे डोके कलवावे. पण खुर्चीत बसलेल्या दुखऱ्या माणसाला तसे करायला लावणे, दर वेळी, दिवसाच्या शेवटच्या रुग्णालासुद्धा, हे सोपे नाही. अभ्यासातली सुरक्षा अशा प्रकारे दर बटणाला नव्याने मिळवावी लागते. म्हणूनच युरोपातल्या किरणसुरक्षा नियामकांच्या ‘हेर्का’ या संघटनेने 2014 साली एकत्रित भूमिका घेतली की ही यंत्रे रोजच्या वापरासाठी नसावीत, जिथे स्थिर यंत्र वापरणे शक्यच नाही अशा प्रसंगांपुरती असावीत.

आणि सगळी यंत्रे चांगली नसतात. फेब्रुवारी 2012 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की इंटरनेटवरून थेट विकली जाणारी काही हातातली दंत-एक्स-रे यंत्रे तपासणीविना बाजारात आली आहेत आणि ती वापरणाऱ्याला व रुग्णालाही अपायकारक ठरू शकतात. त्याच वर्षअखेर ब्रिटनमध्ये चीनमध्ये बनलेल्या आणि ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त यंत्राची तपासणी झाली. त्यात आवरणाचे शिसे इतके अपुरे निघाले की तिथल्या औषध-उपकरण नियामकाने ते वापरू नका म्हणून जाहीर केले. बाहेरून पाहता ही यंत्रे चांगल्या यंत्रांसारखीच दिसतात. चित्रही तसेच देतात. किंबहुना चित्र चांगले येते हाच वापरणाऱ्याला यंत्र ठीक असल्याचा पुरावा वाटतो. पण चित्र पुढच्या झोताने बनते, गळती मागून होते, आणि दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. चांगल्या यंत्राचेही असेच: ते हातातून पडले, आतले आवरण तडकले, तरी बटण दाबल्यावर चित्र पूर्वीसारखेच येईल. भिंतीवरचे यंत्र पडत नाही. पिशवीतून गावोगाव फिरणारे कधीतरी पडतेच. पडलेल्या यंत्राची गळती मोजून घेतल्याशिवाय ते पुन्हा हातात धरू नये, ही गोष्ट शिबिरे घेणाऱ्यांनी आवर्जून पाळण्यासारखी आहे.

आपल्याकडे यासाठी कायदा नाही असे नाही. अणुऊर्जा कायदा 1962 मध्ये झाला. त्याखाली 15 नोव्हेंबर 1983 रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले, आणि किरणसंरक्षणाचे नियम 2004 मध्ये नव्याने आले. यंत्राच्या प्रत्येक मॉडेलला मंडळाची मान्यता लागते, वापरणाऱ्या दवाखान्याला मंडळाच्या ‘ई-लोरा’ या संकेतस्थळावरून परवाना घ्यावा लागतो, आणि यंत्राची गुणवत्ता चाचणी ठरावीक मुदतीने करून घ्यावी लागते. मुंबईत अणुशक्तीनगरला बसलेल्या मंडळाचा हात निलंग्याच्या गाळ्यापर्यंत पोचतो का, हा वेगळा प्रश्न. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2012 साली संसदेपुढे मांडलेल्या अहवालात नोंदवले की देशातल्या 57,443 वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी 52,173, म्हणजे 91 टक्के, मंडळाकडे नोंदणीशिवाय चालत होती. प्रत्येक राज्यात किरणसुरक्षा संचालनालय उभारावे असे 2001 सालीच ठरलेले होते; अहवालाच्या वेळी बहुतेक राज्ये त्याबाबत मागेच होती. त्यानंतर नोंदणी ऑनलाइन झाली आणि चित्र सुधारले. पण एक तुलना मनात राहते. मराठवाड्यात फिरत्या सोनोग्राफी यंत्राकडे प्रशासन डोळ्यांत तेल घालून पाहते, कारण त्यामागे गर्भलिंगनिदानाचा प्रश्न आहे, आणि ते योग्यच आहे. सोनोग्राफीत मात्र क्ष-किरण नसतातच. ज्या यंत्रात ते असतात, ते पिशवीतून एका गावाहून दुसऱ्या गावी गेले तर कुणी विचारतही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वेळा ऐकू येतो: दाताच्या एका एक्स-रेत किरण असतात तरी किती? उत्तर खरेच लहान आहे. रुग्णाला मिळणारी मात्रा काही मायक्रोसिव्हर्ट असते, आणि जमीन, आकाश, अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षभरात 2.4 मिलिसिव्हर्ट, म्हणजे 2,400 मायक्रोसिव्हर्ट, आपोआप मिळतात. केरळच्या करुनागपल्ली भागात मोनाझाइटच्या वाळूमुळे ही नैसर्गिक मात्रा कितीतरी जास्त आहे, आणि तिथल्या मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासात कर्करोगाचे प्रमाण त्यामुळे वाढल्याचे दिसले नाही. रुग्णाने म्हणूनच गरजेचा एक्स-रे भीतीपोटी टाळू नये. पण हे सगळे हिशेब रुग्णाचे आहेत. रुग्ण वर्षातून एकदा-दोनदा खुर्चीत बसतो आणि त्याला त्या किरणांचा फायदा होतो. यंत्र धरणारा रोज, वर्षानुवर्षे तिथेच असतो, आणि त्याला फायदा शून्य. शिवाय केरळमधली मात्रा साऱ्या शरीराला हळूहळू मिळणारी. इथे प्रश्न बोटांचा आहे. समजा, असिस्टंट रुग्णाच्या तोंडात आरव्हीजीचा सेन्सर आपल्या बोटाने धरून ठेवते, आणि प्रत्येक वेळी त्या बोटाला मिलिसिव्हर्टचा दहावा हिस्सा मिळतो. दिवसाला दहा एक्स-रे आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर बोटाला वर्षाकाठी 300 मिलिसिव्हर्ट होतात. हातांसाठीची कायदेशीर वार्षिक मर्यादा 500 आहे. एका अगदी साध्या सवयीने मर्यादेचा निम्म्याहून अधिक भाग खाऊन टाकला, आणि छातीवर लावलेल्या टीएलडी बॅजवर त्याची नोंद जवळपास येणारच नाही. बॅज छातीचे मोजतो. बोटाचे मोजायचे तर बोटातली वेगळी अंगठी लागते. सेन्सर धरायला प्लॅस्टिकचा होल्डर मिळतो. तो वापरायला दोन मिनिटे जास्त लागतात आणि दर रुग्णानंतर निर्जंतुक करावा लागतो. याच दोन कारणांनी तो कपाटात पडून राहतो. पर्याय म्हणून रुग्णाने सेन्सर स्वतःच्या बोटाने धरावा हे एक वेळ चालेल, पण दवाखान्यातल्या माणसाचे बोट तिथे कधीही नसावे.

हे बोट बहुधा कुणाचे असते, हेही पाहायला हवे. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून काम करणारी मुलगी किंवा मुलगा बारावीनंतर तिथेच शिकलेला असतो. कसलेली माणसे असतात ती, हात सफाईचे असतात, पण किरणांविषयी त्यांना कुणी बसून सांगितलेले नसते. अर्धवट माहितीतून भीतीही तयार होते: यंत्र असलेल्या खोलीत डबा खाऊ नये, भिंतीत किरण मुरतात, वगैरे. बटण सोडले की किरण संपतात. भिंतीत, हवेत, रुग्णाच्या अंगात काही उरत नाही. हे सांगितले की नको ती भीती जाते आणि हवी ती काळजी उरते. या गोष्टी सांगितल्या तर मुली काम सोडून जातील असे काही डॉक्टरांना वाटते. पण न सांगितलेल्या गोष्टी त्यांना शेजारणीकडून, आणि वाढवूनच, कळतात. नियमही त्यांच्या बाजूने स्पष्ट आहेत. अठरा वर्षांखालील कुणाला किरणांच्या कामावर नेमता येत नाही. किरणकामगाराची मर्यादा वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट, पाच वर्षांत मिळून शंभर, आणि कोणत्याही एका वर्षी 30. गरोदर असल्याचे काम करणाऱ्या स्त्रीने कळवले की उरलेल्या काळात गर्भाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये. या शेवटच्या तरतुदीत ‘कळवले की’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिल्या तीन महिन्यांत बातमी घराबाहेर न काढण्याची आपल्याकडची रीत आहे, आणि नोकरी जाईल ही धास्ती तिच्या जोडीला. यंत्र स्टँडवर असेल आणि बटण दोन मीटरवर असेल, तर तिने कधी सांगितले यावर बाळाची सुरक्षा अवलंबून राहत नाही. अंतराचा हा गुण कुठल्याही ॲप्रनमध्ये नाही.

ॲप्रनचा विषय निघालाच आहे तर. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने रुग्णाला शिशाचा ॲप्रन आणि गळपट्टा घालण्याची गरज नाही असे जाहीर केले, आणि आपल्याकडे त्याचा अर्थ ‘ॲप्रन गेला’ असा घेतला जाऊ लागला. ती शिफारस रुग्णापुरती आहे. आधुनिक यंत्रात झोत आयताकृती तोंडाने दातापुरता बांधलेला असतो आणि शरीरातल्या शरीरात विखुरणारे किरण ॲप्रन अडवू शकत नाही, हे तिचे कारण. छातीसमोर यंत्र धरून उभ्या असलेल्या माणसाला ते कारण लागू पडत नाही. त्याच्याकडे किरण बाहेरून येतात. त्याने ॲप्रन घालावा, गळ्याचा पट्टाही.

राहिला जागेचा आणि पैशाचा आक्षेप. दहा बाय बाराच्या गाळ्यात दोन मीटर आणायचे कुठून? खुर्ची कोपऱ्याकडे सरकवली आणि बटण दाराबाहेर नेले तर बहुतेक गाळ्यांत ते सापडते. हातातल्या बऱ्याच यंत्रांना स्टँडवर बसवायची सोय असते, काहींना वेगळी तार किंवा रिमोट जोडता येतो. स्टँडला यंत्राच्या किमतीच्या मानाने फार थोडा खर्च येतो, आणि हात हलत नसल्याने पुन्हा काढावे लागणारे एक्स-रेही कमी होतात. रोजच्या दवाखान्यात म्हणून हे यंत्र हातात धरण्याचे कारणच उरत नाही. ते स्टँडवर राहावे, आणि हातात यावे ते अंथरुणावरच्या रुग्णासाठी किंवा शिबिरात, जिथे दुसरा इलाज नाही. शिबिरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि ती कागदावरच्या नियमांपेक्षा जागेवर जास्त कळते. शाळेच्या वर्गात मुलांची रांग पुष्कळदा झोताच्या दिशेनेच लागते. दातातून आरपार गेलेले किरण पुढच्या मुलांपर्यंत पोचतात. खुर्ची अशी फिरवावी की झोत रिकाम्या, जाड भिंतीकडे जाईल. रांग दाराबाहेर असावी. आणि यंत्र चालवणारा एकटाच जवळ असावा, ॲप्रन घालून आणि चकती जागेवर ठेवून. लातूरला आणि नांदेडलाही दंत महाविद्यालये आहेत. तिथून शिबिरांना जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या यादीत जसे हातमोजे आणि आरसे असतात, तसे स्टँड आणि सेन्सरचा होल्डरही असावेत. आणि यंत्र विकत घेताना विक्रेत्याकडे तीन कागद मागावेत: नियामक मंडळाची त्या मॉडेलला असलेली मान्यता, गळतीच्या चाचणीचा आकडा, आणि यंत्र पडले तर चाचणी कोण, किती दिवसांत करून देणार याचे लेखी उत्तर. हे तीन कागद दाखवू न शकणाऱ्या विक्रेत्याचे यंत्र कितीही स्वस्त असले तरी ते परत पाठवावे.